व्हिवाल्डीचा हिवाळा आणि सॅम्पलची व्हायोलिनं : आर्टिक्युलेशन नेमकं कुठलं लावू?

चाळीतला_चेलो | सोमवार, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय.

एका प्रायोगिक एकांकिकेचं संगीत माझ्या गळ्यात पडलंय. गिरगावातली खोली, एकटा म्हातारा, चाळ रिकामी करायची नोटीस आलेली, बाहेर धो धो पाऊस. दिग्दर्शकाला व्हिवाल्डीच्या 'फोर सीझन्स'मधला 'विंटर' हवाय. पहिल्या भागाची सुरुवात आणि मधला लार्गो (संथ भाग), एवढंच. रचना छापून आली १७२५ साली, तिच्यावर आता कोणाचा हक्क नाही. पण रेकॉर्डिंगवर असतो. परवानगी मागायला वेळ नाही आणि मोजायला पैसे नाहीत, म्हणून म्हटलं मिडीवर, म्हणजे कंप्युटरमध्ये एकेक सूर टाकून खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांतून (सॅम्पल), स्वतःच उभं करू.

नोटा सगळ्या बरोबर आहेत. स्कोअर समोर ठेवून एकेक टाकल्यात. पण प्ले केलं की सुपरहिरोच्या सिनेमाचा ट्रेलर वाजतो. सुरुवातीच्या त्या थरथरणाऱ्या एट्थ नोट्सना (अर्ध्या मात्रेच्या सुरांना) स्पिकाटो (उसळता गज) लावला तर कोर्टाबाहेरचा टायपिस्ट बसल्यासारखा आवाज येतो. स्टकाटो (तुटक सूर) लावला तर उचक्या. सस्टेन तोडून लावला तर पेटीचा भाता. सॅम्पलच्या लायब्ररीत देताशे (दर सुराला वेगळा गज), मार्काटो, स्टकाटिसिमो, पोर्ताटो अशी अजून बरीच आर्टिक्युलेशन, म्हणजे सूर वाजवायच्या तऱ्हा, आहेत आणि गेले चार दिवस मी फक्त की-स्विच (तऱ्हा बदलायची कळ) दाबत बसलोय.

सामान : रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), कॉन्टॅक्ट (सॅम्पल वाजवणारा सॅम्पलर), १६ जीबी रॅम, हेडफोन. लायब्ररी मोठ्या ऑर्केस्ट्राची, पहिली व्हायोलिनंच १६. टेंपो मिनिटाला ७२ क्वार्टर नोट ठेवलाय.

बरोक (व्हिवाल्डी-बाखच्या काळातल्या) संगीताला यातलं कुठलं आर्टिक्युलेशन 'बरोबर' असतं?

---

९.०२ची_लोकल | सोमवार, रात्री ११.५५

वाचतोय. यातलं काही कळत नाही, पण कोर्टाबाहेरचा टायपिस्ट आवडला.

---

मिडीवाली | मंगळवार, सकाळी ९.३०

पोट भरायला जाहिरातींचं संगीत करते, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. आर्टिक्युलेशनकडे नंतर येऊ. तुमची पहिली चूक लायब्ररी उघडतानाच झालीय. १६ पहिली व्हायोलिनं!

बाखने २३ ऑगस्ट १७३० ला लाइपझिगच्या नगरपालिकेला एक अर्ज लिहिला होता, चर्चच्या संगीताला किती माणसं लागतात याचा. नगरपालिकेकडे अर्ज म्हटल्यावर मुंबईकराला वेगळं काही सांगायला नको. त्यात त्याची मागणी काय होती? पहिली व्हायोलिनं २ किंवा ३, दुसरी २ किंवा ३, व्हायोलाचे दोन भाग आणि प्रत्येकाला २ माणसं, चेलो २, व्हायोलोन (त्या काळचं मोठं बास वाद्य) १. आणि हा माणूस 'जरा जास्तच' मागत होता. इटलीतला व्हिवाल्डी आणि जर्मनीतला बाख यांचा हिशोब एक नाही, मान्य. पण १६ जणांच्या सेक्शनचा स्पिकाटो म्हणजे १६ गज एकाच क्षणी तारेवर पडायचा प्रयत्न करतायत, आणि त्या पसरट धक्क्यालाच आपला कान 'सिनेमा' म्हणतो. तिथे कुठलाही की-स्विच दाबा, बरोक होणार नाही.

सोलो व्हायोलिनची पॅचेस (सॅम्पलरमधली तयार वाद्यं) घ्या आणि तीन-तीनचे गट करा. तीन वेगवेगळ्या लायब्ररी असतील तर सोन्याहून पिवळं. एकच असेल तर जुनी युक्ती : दुसऱ्या प्रतीत मिडी एक सेमीटोन वर सरकवायचा आणि सॅम्पलरचं ट्यूनिंग एक सेमीटोन खाली. सूर तोच ऐकू येतो पण सॅम्पल शेजारच्या नोटेचं वाजतं, म्हणून दोन प्रती एकमेकींना खात नाहीत. तिसरी प्रत उलट दिशेला. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनना चुकूनही तेच सॅम्पल देऊ नका, युनिझन (दोघांचा एकच सूर) आलं की फेजिंगने आवाज नळीतून आल्यासारखा होतो.

आणि माइक पोझिशन क्लोज. मोठ्या हॉलचे माइक बंद.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०.१०

एकांकिकेला. व्हिवाल्डी. थिएटरचे स्पीकर म्हणजे मंडपातले भोंगे, प्रेक्षकांत निम्मे दुसऱ्या कॉलेजचे, तेही हूट करायला आलेले. तीन व्हायोलिनं की तीनशे, कोणाला कळणारे? एआयला सांगा, दोन मिनिटांत देईल.

---

मिडीवाली | मंगळवार, सकाळी १०.१८

@शंकासुर, मग नाटकात म्हातारापण एआयचाच उभा करू.

---

गजवाला_काका | मंगळवार, दुपारी ३.०५

मी कंप्युटरवाला नाही. तीस वर्षं व्हायोलिन वाजवलं, त्यातली बरीच ताडदेवला आणि वांद्र्याला सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेत. शिकलो धोबीतलावच्या एका गोवेकर मास्तरांकडे. हा धागा मुलीने दाखवला.

चि. चेलो, तुझा प्रश्नच उलटा आहे. 'कुठलं आर्टिक्युलेशन लावू' असं वाजवणारा कधी विचारत नाही. तो विचारतो, गज खाली की वर? किती गज? तारेवर ठेवून की उचलून? या तीन उत्तरांतून जो आवाज निघतो त्याला तुमच्या कंपन्यांनी नावाचं लेबल लावून डबीत भरलंय.

आता जुन्या गजाबद्दल. आजचा गज आत वळलेला असतो, टोकापर्यंत सारखी ताकद देतो. हा आकार पक्का झाला १७८० च्या दशकात, पॅरिसच्या तूर्त या गज बनवणाऱ्याच्या हातून. व्हिवाल्डीच्या वेळचा गज सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेला, टोकाला हलका. तो खाली ओढला की सुरुवातीला वजन आणि पुढे आपोआप विरत जाणारा सूर. वर ढकलला की मुळातच हलका. दोन सूर सारखे वाजवायचे तर मेहनत पडते, असमान वाजवायचे तर काहीच करावं लागत नाही. आणि त्या लोकांना असमानच हवे होते. समेला गज खाली, हा नियम मुफात या संगीतकाराने १६९८ मध्ये फ्रान्सच्या ल्युलीच्या वादकमंडळींबद्दल लिहूनच ठेवलाय. इटलीवाले एवढे काटेकोर नव्हते, पण जड मात्रेला जड गज हे सगळीकडे होतं.

आणखी एक. त्या काळी स्पिकाटो आणि स्टकाटो दोन्हींचा अर्थ 'सुटं सुटं', बस. गज तारेवरून चेंडूसारखा उसळवायचा हा अर्थ नंतर चिकटला. तुझ्या डबीतला स्पिकाटो नंतरचा आहे.

आज रात्री एक कर. स्कोअरची प्रिंट काढ. पेन्सिल घे आणि लांब पट्टी घे, शाळेतली ३० सेंटीमीटरची. टेबलाच्या कडेवर पट्टी गजासारखी ओढत ओढत ओळ तोंडाने म्हण. जिथे पट्टी खाली आली तिथे खालची खूण, वर गेली तिथे वरची. पट्टी संपली आणि ओळ उरली तर चुकलास, परत कर. एक पान झालं की मग कंप्युटर उघड.

---

चाळीतला_चेलो | मंगळवार, रात्री ९.४०

काका, नमस्कार करतो. पट्टी आणलीय. आई विचारतेय डोकं फिरलंय का.

---

तानपुरा_लावा | मंगळवार, रात्री १०.२२

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. आमच्याकडे सतारीला 'दा' आणि 'रा' वेगळे वाजतात, तबल्यात समेचं वजन वेगळं असतं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मिडीवर बसलो की सगळं विसरून एकाच वेलॉसिटीने (सुराच्या जोराने) खिळे ठोकतो.

माझा प्रश्न वेगळा. पट्टी कुठली ठेवलीय? (टेबलावरची नाही, सुराची.) बरोक मंडळी ए = ४१५ हर्ट्झला वाजवतात ना?

---

मिडीवाली | मंगळवार, रात्री १०.५१

आजचे पिरियड वादक (जुन्या काळच्या पद्धतीने वाजवणारे) बहुतेक ४१५ ला वाजवतात, हो. तेव्हा गावोगाव पट्टी वेगळी होती, ४१५ ही सोयीसाठी ठरवलेली आहे, कारण आजच्या ४४० पासून जवळजवळ नेमका एक सेमीटोन खाली पडते.

पण ती खाली आणायची कशी, यात मेख आहे. मिडी एक सेमीटोन खाली सरकवू नका. कॉन्टॅक्टमध्ये सगळ्या वाद्यांचं ट्यूनिंग १०० सेंट (एक सेमीटोन) खाली करा. फरक ऐकायचा असेल तर डी मेजरमधलं काहीही घ्या. मिडी सरकवला तर डी च्या जागी सी शार्पचं सॅम्पल वाजतं, आणि व्हायोलिनवर सी शार्पला खालच्या मोकळ्या तारा साथ देत नाहीत. सूर कोरडा पडतो. ट्यूनिंग खाली केलं तर सॅम्पल डी चंच राहतं, मोकळ्या डी तारेची गुंज त्यात रेकॉर्ड झालेली असते. शिवाय सॅम्पल हळू वाजल्यामुळे आवाजाचा पोत जरा गडद होतो. स्टीलच्या तारा जाऊन आतड्याच्या येत नाहीत, पण वरची झिलई थोडी उतरते. मी त्यावर ३ किलोहर्ट्झच्या आसपास एखादा डेसिबल कापते.

विंटर एफ मायनरमध्ये आहे, मोकळ्या तारांना फारसा वाव नाही, त्यामुळे फायदा कमी दिसेल. लार्गो ई फ्लॅट मेजर, तिथेही तेच. तरी करा.

---

तानपुरा_लावा | मंगळवार, रात्री ११.०५

आणि टेंपरामेंट (सप्तकातली अंतरं कशी वाटायची ते)? हे सगळं ईक्वल टेंपर्डमध्ये, पेटीसारख्या समान अंतरांत, चाललंय का? त्याच सुरांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं, विसरू नका :)

---

मिडीवाली | मंगळवार, रात्री ११.३३

वाटच बघत होते हा कधी येतोय याची.

हार्प्सिकॉर्डला (कळांचं जुनं तंतुवाद्य) व्हॅलोटी हे जुनं टेंपरामेंट लावून बघा, कॉन्टॅक्टमध्ये प्रत्येक नोटेचं ट्यूनिंग स्क्रिप्टने बदलता येतं. तुमच्या कानासाठी एक गंमत : एफ षड्ज धरलात तर व्हॅलोटीत कोमल गंधार २९४ सेंटवर येतो. शुद्ध मायनर थर्ड ३१६ वर, पेटीचा ३०० वर.

---

तानपुरा_लावा | मंगळवार, रात्री ११.४१

अरे! म्हणजे तोडीच्या गंधाराकडे झुकलेला. आता कळलं एफ मायनर हिवाळ्याला का चिकटलं. झोप उडवलीत.

---

शंकासुर | मंगळवार, रात्री ११.५०

एकांकिका परवा आहे की पुढच्या शतकात?

---

चाळीतला_चेलो | बुधवार, रात्री १.१५

तीन आठवडे आहेत, @शंकासुर. आजचा अहवाल देतो.

पट्टीचा प्रयोग केला. पहिल्या पानातच लक्षात आलं की मी सगळ्या आठही नोटा मनात 'खाली खाली खाली' अशाच ऐकत होतो. पेन्सिलीच्या खुणा केल्यावर हे केलं :

टेंपो ७२ म्हणजे एक एट्थ नोट साधारण ४१७ मिलिसेकंदांची. माझ्या लायब्ररीतला स्पिकाटो फार तर दीडशे मिलिसेकंद वाजून संपतो, उरलेला वेळ रिकामा. टायपिस्ट तिथून येत होता. आता सोलो व्हायोलिनचं शॉर्ट देताशे घेतलं आणि नोटेची लांबी ६५ टक्के केली, म्हणजे २७० च्या आसपास. शिवाय रिलीज जरा लांबवला, नोट कापली न जाता विरते. खालच्या गजाला वेलॉसिटी ७० च्या पुढेमागे, वरच्याला ५५ आणि लांबी अजून किंचित कमी.

फरक पडला, एवढंच म्हणतो. पहिल्यांदाच थंडी वाजली.

पण एक भूत आहे. दोन बार छान जातात, तिसऱ्या बारात सगळं उलटं वाटायला लागतं. समेवर पोकळ, मधल्या मात्रेला धक्का. वेलॉसिटी तपासल्या, बरोबर आहेत. परत प्ले केलं तर भूत पाचव्या बारात.

---

मिडीवाली | बुधवार, सकाळी ८.४५

राउंड रॉबिन. तुमचं भूत म्हणजे राउंड रॉबिन, एकाच सुराची आळीपाळीने वाजणारी वेगवेगळी सॅम्पलं.

बऱ्याच लायब्ररींत शॉर्ट नोटांचे राउंड रॉबिन खालचा गज, वरचा गज असे आलटून पालटून रेकॉर्ड केलेले असतात. मध्ये एखादी विषम नोट आली किंवा तुम्ही प्ले मधूनच सुरू केलं की क्रम सरकतो. तुमची वेलॉसिटी म्हणते सम, सॅम्पल म्हणतं वरचा गज. पॅचमध्ये राउंड रॉबिन रीसेटची की असेल, ती प्रत्येक बारच्या डोक्यावर टाका. काही लायब्ररींत खालचा-वरचा गज हाताने निवडता येतो, तसं असेल तर देव पावला, काकांच्या पेन्सिलीच्या खुणा थेट की-स्विचमध्ये उतरवा. रीपरमध्ये रीॲटिक्युलेट हे एक्स्टेन्शन टाकून घ्या, मग की-स्विच नोटांच्या गर्दीत हरवत नाहीत.

---

गजवाला_काका | बुधवार, सकाळी ११.२०

कंप्युटरलाही गज उलटा पडतो हे ऐकून बरं वाटलं. आम्हाला त्याबद्दल अख्ख्या स्टुडिओसमोर बोलणी बसायची. तीस माणसांत एकाचा गज उलटा गेला की ॲरेंजरला लांबून दिसायचा.

त्या सुरुवातीबद्दल अजून थोडं. चेलोपासून सुरू होऊन एकेक वाद्य वर येऊन बसतं आणि सूर एकमेकांना टोचतात. तिथे प्रत्येक नवीन वाद्याने आल्या आल्या जोर करायचा नाही. लेओपोल्ड मोत्सार्टने (प्रसिद्ध मोत्सार्टच्या वडिलांनी) १७५६ च्या व्हायोलिनच्या पुस्तकात लिहिलंय की कितीही जोराचा सूर असला तरी त्याच्या आरंभी एक लहानशी मऊ जागा असते, नाहीतर तो सूर नाही, नुसता आवाज. तुझ्या डबीतल्या प्रत्येक सुराला आरंभी कुऱ्हाड आहे. ती बोथट कर. काही पिरियड वादक इथे गज घोडीजवळ नेऊन काचेसारखा आवाज काढतात. स्कोअरमध्ये तसं लिहिलेलं नाही, पण बर्फ आहे तर चालतं. मला विचारशील तर पहिल्या दोन वाद्यांपुरतंच कर.

पुढे पाय आपटण्याची जागा येते, तिथे मात्र गज तारेवर घट्ट, आखूड आणि चावरा.

---

चाळीतला_चेलो | बुधवार, रात्री ११.५८

रीसेट टाकला. भूत गेलं. @मिडीवाली, चहा लागू.

अटॅकची कुऱ्हाड सॅम्पलच्या सुरुवातीचा बिंदू हलवून नाही गेली, उलट क्लिक यायला लागले. शेवटी अटॅकचा एन्व्हलप (सूर चढायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद केला आणि शांत झालं. आता नोटा जरा उशिरा लागतात म्हणून ट्रॅकला तेवढा उणे डिले दिला.

पाय आपटायच्या जागी ट्रेमोलोचा पॅच लावून पाहिला होता, सोपं जाईल म्हणून. भयंकर. ट्रेमोलो मोजलेला नसतो, तो आपल्या मर्जीने थरथरतो आणि इथे प्रत्येक नोट मोजून हवी. परत देताशे, लांबी ५० टक्के, वेलॉसिटी वर. मशीनगन होत होती, म्हणून तीन व्हायोलिनपैकी एकाच्या नोटा ५-१० मिलिसेकंद मागेपुढे केल्या. बाकी दोन जागेवर. तिघांना हलवलं तर दारूच्या पार्टीतलं वाजतं.

आता लार्गो. तिथे सोलो व्हायोलिनला लेगाटो (जोडलेले सूर) लावलं की लगेच सिनेमातला विरह. व्हायब्राटो (सुराचं कंपन) बंद केला तर शव. मधलं काही आहे का?

---

मिडीवाली | गुरुवार, सकाळी ९.०५

आधी लार्गोत काय चाललंय ते बघा, कारण तुमच्या दिग्दर्शकाला नकळत जॅकपॉट लागलाय. 'फोर सीझन्स'च्या चारही कॉन्चेर्तोंना (ऋतूंच्या चार रचनांना) सॉनेट जोडलेली आहेत. विंटरच्या लार्गोत माणूस घरात शेकोटीपाशी निवांत बसलाय आणि बाहेर पावसात लोक भिजतायत. व्हायोलिनांचं पिझिकातो (गजाऐवजी बोटाने छेडणं) म्हणजे तो पाऊस. नाव हिवाळा, पण चित्र तुमच्या चाळीतलंच.

म्हणून तीन थर वेगळे ठेवा. पाऊस : सोलो पॅचचं पिझिकातो, सेक्शनचं नको. स्टीलच्या तारेचं पिझिकातो लांब गुंजतं, आतड्याच्या तारेचं लवकर विझतं, तेव्हा डिके आखूड करा. व्हायोला : लांब धरलेले सूर, नॉन-व्हिब (कंपन नसलेलं) सस्टेन. आणि वर सोलो.

नॉन-व्हिब मेलेला वाटतो कारण सॅम्पल घेताना वादकाला सांगितलेलं असतं की सरळ धर. त्याने इमानदारीत सरळ धरलंय. फुगवटा तुम्ही द्यायचा. लांब सुराला हलक्याने सुरुवात, मध्याच्या जरा पुढे भर, मग विरणं. सोलो वाद्यावर हे सीसी १ ने (सॅम्पलचे थर बदलणारा मिडी कंट्रोल) ओढलंत तर दोन डायनॅमिक थर एकमेकांत मिसळताना दोन व्हायोलिनं ऐकू येतात. सीसी १ फार हलवू नका, फुगवटा सीसी ११ ने (नुसता आवाज कमी-जास्त करणारा) द्या.

लेगाटो ट्रान्झिशन फक्त स्लर (एकाच गजात जोडलेले सूर) असेल तिथे. स्लर संपला की नवा गज, म्हणजे लेगाटो तोडायचा. लेगाटोचा पॅच सगळीकडे चालू ठेवला की प्रत्येक दोन सुरांत मींड येते, विरह तिथूनच येतो.

---

तानपुरा_लावा | गुरुवार, सकाळी ९.४०

व्हायब्राटोबद्दल तेव्हाचे लोक काय म्हणत होते? अजिबात नव्हता हे खरं का?

---

गजवाला_काका | गुरुवार, दुपारी १.३०

खरं नाही. तेव्हाही भांडणंच होती. जेमिनियानी या इटालियन वादकाने लंडनमध्ये १७५१ ला लिहिलं की हे कंपन जितकं जमेल तितकं वापरा. पाचच वर्षांनी लेओपोल्ड मोत्सार्ट म्हणतो, काही लोक प्रत्येक सुरावर असे थरथरतात जणू कायमचा ताप भरलाय. दोघेही मोठे. कोणाचं ऐकायचं ते आपण ठरवायचं.

मी असं म्हणेन : कंपन हा दागिना. ज्या लांब सुरावर फुगवटा आहे त्याच्या मध्यावर थोडं, बाकी हात शांत. आमच्या सिनेमात उलटं होतं, हात थांबला तर मास्तर विचारायचे तब्येत बरी नाही का.

---

९.०२ची_लोकल | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

गर्दीत उभं राहून वाचतोय. स्टेशन गेलं.

---

चाळीतला_चेलो | शनिवार, रात्री २.३०

लार्गो झाला. काकांनी सांगितल्याप्रमाणे कंपन फक्त सहा सुरांवर ठेवलंय, व्हिब आणि नॉन-व्हिबची क्रॉसफेड मध्यावर निम्म्यापर्यंतच नेली.

हार्प्सिकॉर्डला वेलॉसिटीने आवाज कमी-जास्त होतो असा पॅच होता माझा. हार्प्सिकॉर्डवर बोट कसंही पडलं तरी आवाज तेवढाच, म्हणून सगळी वेलॉसिटी एक केली. जोर हवा तिथे कॉर्डमध्ये सूर वाढवले आणि किंचित पसरवून वाजवले. कॉन्ट्राबास सहा जणांचा होता, तोफ. एकटा घेतला, बराच मागे ठेवला. रिव्हर्ब दीड सेकंदाचा, लाकडी खोलीचा.

लिंक पहिल्या पोस्टमध्ये टाकलीय. हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर बास येत नाही.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ११.००

ऐकलं.

दोनदा ऐकलं. पावसाच्या जागी खिडकी बघितली मी. बस, यापुढे विचारू नका.

---

मिडीवाली | शनिवार, सकाळी ११.४५

@शंकासुरला हरवलंत! पहिल्या भागात दुसऱ्या व्हायोलिनना थोडं उजवीकडे न्या, दोन्ही गट एकाच ठिकाणी बसलेत. बाकी मस्त.

आता माझाच प्रश्न याच धाग्यात घुसडते. मला 'स्प्रिंग'चा लार्गो करायचाय. झोपलेला शेळ्या राखणारा म्हणजे सोलो, झाडांची सळसळ व्हायोलिनांत, आणि व्हायोला म्हणजे भुंकणारा कुत्रा. व्हायोलावर व्हिवाल्डीने स्वतः लिहिलंय : कायम खूप जोरात आणि 'स्त्रापातो', म्हणजे हिसडून, फाडल्यासारखं. खाली बासही नाही, सगळं उघडं. डबीत 'स्त्रापातो' नावाचं लेबल कुठेच नाही. मार्काटो लावला तर तुतारी, स्टकाटो लावला तर पिल्लू.

---

गजवाला_काका | शनिवार, दुपारी ४.१०

गज तारेवर आधी दाबून ठेवायचा, मग झटका देऊन ओढायचा आणि लगेच सोडायचा. 'भौ' म्हणताना आधी तोंड मिटलेलं असतं ना, तसं. दोन्ही भुंकण्यांना गज खालीच, मध्ये उचलून परत आणायचा. डबीत मार्तले असेल तर ते उघड, त्याची पकड बरोबर असते, शेपूट फक्त काप. आणि एकच व्हायोला घे. आमच्या गल्लीत रात्री एक भुंकतो तेव्हा झोप मोडते, दहा भुंकले की आपण कूस बदलून झोपतो.

---

मिडीवाली | शनिवार, रात्री ८.२०

मार्तले, एकच व्हायोला, लांबी ४० टक्के, दुसरी नोट पहिलीपेक्षा कमी. भुंकला! शेजारच्या काकूंचा पामेरियन उत्तर देतोय.

---

चाळीतला_चेलो | रविवार, रात्री १२.०५

काका, माझ्या फाइलबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

---

गजवाला_काका | रविवार, सकाळी ७.५०

मुलीच्या हेडफोनवर ऐकलं. लार्गोत सोलोचा दुसरा लांब सूर आहे, त्याचा फुगवटा पट्टीवर मोजलास का? माझा गज तिथे पुरला नाही. निम्म्यावर संपला. एवढा श्वास त्या गजात नसतो. एक तर फुगवटा लहान कर, नाहीतर मध्ये गज बदल आणि ते ऐकू येऊ दे.

---

चाळीतला_चेलो | रविवार, सकाळी ८.१०

पट्टी काढली. खरंच पुरत नाही. गज बदलतो. लेगाटो तिथे तोडून नवीन नोट टाकतोय, दुसरा गज वरचा. रात्री नवी फाइल चढवतो.